शिक्षेचा अधिकार मुलांच्या हाती नको

महाराष्ट्रातल्या खासगी निवासी सैनिकी शाळांच्या संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना एका आईचं खुलं पत्र

सन्माननीय संस्थाचालक आणि प्राचार्य,



हे पत्र मी एका मागणीसाठी लिहिते आहे. ती सुरुवातीलाच सांगते. तुमच्या वसतिगृहांत लहान मुलांना शिक्षा करण्याचा अधिकार मोठ्या वर्गांतल्या मुलांच्या हाती गेला आहे. काही ठिकाणी तो तुम्ही दिला आहे, काही ठिकाणी तो गेलेला दिसूनही तुम्ही राहू दिला आहे. तो काढून घ्या. शिस्त कमी करा, असं माझं म्हणणं नाही. ती मोठ्या माणसांनी लावावी, एवढंच म्हणणं आहे.

माझा मुलगा अशा एका शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत राहिला. आज तो कमावता आहे, आपल्या पायांवर उभा आहे. तेव्हा स्वतःसाठी मला काही मागायचं नाही. शाळेचं नाव मी लिहिणार नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका शाळेपुरतं नाही. इतक्या वर्षांत वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, वेगवेगळ्या संस्थांच्या शाळांत मुलं ठेवलेल्या आयांशी आणि वडिलांशी मी बोलले. इमारती वेगळ्या, गणवेश वेगळे, पण दिवे मालवल्यानंतरची हकिकत सारखीच निघाली.

तुमच्याकडे मुलं कोण पाठवतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण इतर वाचकांनाही ते कळायला हवं. पालकांमध्ये द्राक्षबागायतदार असतात, एसटीचे कंडक्टर असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक असतात, पोलीस हवालदार असतात, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार असतात. कुणी पतसंस्थेचं कर्ज काढून फी भरतो, कुणी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून. गावात राहिला तर पोरगं टोळक्यात वाया जाईल ही भीती असते. घरात बापाचं व्यसन असतं, त्यापासून मुलाला लांब ठेवायचं असतं. इंग्रजी सुधारावं, एनडीएला जावं, अंगावर वर्दी यावी, हे स्वप्न असतं. ‘आमचा मुलगा सैनिकी शाळेत आहे’ हे सांगताना आमच्याकडच्या माणसाची छाती फुगते, आणि त्यात काही वावगं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, बीड या पट्ट्यात फौजेत जाण्याचा अभिमान पिढ्यांपासूनचा आहे.

तुमच्या शाळांनी या स्वप्नाला जागा दिली. माझ्या मुलाला शाळेने काय दिलं, ते मी मोकळेपणाने सांगते. पहाटे साडेपाचच्या शिट्टीला उठणं, चादरीची घडी काटेकोर घालणं, बूट चकचकीत ठेवणं हे तर आलंच. तो तिथे पोहायला शिकला, दोरीवर चढायला शिकला, शेकडो मुलांसमोर उभं राहून परेडचे हुकूम द्यायला शिकला. गणिताचे सर रात्रीच्या प्रेपला, म्हणजे अभ्यासाच्या तासाला, रोज मुलांमध्ये येऊन बसत. ज्याला अडेल त्याच्या बाकावर जाऊन शिकवत, आणि त्यासाठी त्यांनी कधी वेगळी शिकवणी लावायला सांगितली नाही. मेसमध्ये कोण कुणाच्या शेजारी बसणार हे आडनावावरून ठरत नसे. डॉक्टरांचा मुलगा आणि ऊसतोड मजुराचा मुलगा एकाच बादलीतली डाळ वाढून घेत. आमच्या गावात ही गोष्ट अजून इतकी सहज घडत नाही. कडक शाळेचं हे मोठेपण आहे, आणि ते टिकावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. ज्या शाळेबद्दल आस्था नाही तिला कुणी पत्र लिहीत बसत नाही, मुलाचं नाव काढून घेऊन मोकळं होतं.

आता रात्रीबद्दल.

मला पहिली शंका आली ती पालकभेटीच्या रविवारी. त्या दिवशी मैदानाकडेच्या चिंचांखाली सतरंज्या अंथरल्या जातात, डबे उघडतात, ज्याचं कुणी आलेलं नसतं त्यालाही आया हाक मारून जेवायला बसवतात. मुलगा सहावीत असताना म्हणाला, ‘पुढच्या वेळी लाडूंचे दोन डबे जास्त आण. सिनिअरना द्यावे लागतात.’ शेजारच्या सतरंजीवरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. त्यांच्या मुलानेही तेच सांगितलं होतं. आम्ही दोघींनी आपापल्या मुलांना विचारलं, ‘आणि नाही दिले तर?’ दोघेही गप्प झाले.

नाही दिले तर काय होतं, ते मुलाने मला शाळा सोडल्यानंतर, हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मुलं त्याला ‘रगडा’ म्हणतात. साडेनऊ-दहाला दिवे मालवले की रेक्टर आपल्या खोलीत जातात आणि मजला दहावीच्या मुलांच्या ताब्यात येतो. जिथे बारावीपर्यंत वर्ग आहेत तिथे बारावीच्या. सिमेंटच्या फरशीवर कोलांट्या मारायला लावणं, कॉटच्या दोन कडांवर हात-पाय ठेवून ताटकळत ठेवणं, कोंबडा करायला लावणं, डिसेंबरच्या थंडीत ओल्या कपड्यांत गच्चीवर उभं करणं, पट्टा, हँगर, चप्पल. कारण काय, तर सलाम नीट केला नाही, बूट पॉलिश करून ठेवले नाहीत, पाण्याची बाटली भरून आणली नाही, मेसमध्ये सिनिअरच्या आधी उठला. एकाने चूक केली की सगळ्या खोलीला रगडा, म्हणजे सकाळी उरलेली मुलं त्या एकाचा सूड घेणार. गुडघे सोलवटलेला मुलगा सकाळी एमआय रूममध्ये, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, जातो आणि सांगतो, ‘ग्राउंडवर पडलो.’ कंपाउंडर टिंक्चर लावून त्याला वर्गात पाठवतो. नोंदवहीत ‘पडला’ अशी नोंद होते.

माझ्या मुलाने शेवटी जे सांगितलं, ते मला या सगळ्यापेक्षा जास्त लागलं. तो म्हणाला, ‘दहावीत गेल्यावर मीही मारलं.’ स्वतःला बसलेल्या माराबद्दल तो आज सहज बोलतो. त्याने मारलेल्या एका लहान मुलाबद्दल मात्र अजून नीट बोलू शकत नाही.

संस्थाचालक महोदय, पंधरा वर्षांच्या मुलाला तुम्ही नेमकं काय दिलंत, याचा विचार करा. त्याच्यावर तीस-चाळीस लहान मुलांची जबाबदारी दिलीत. ती कशी पार पाडायची याचं शिक्षण दिलं नाहीत. वर देखरेख ठेवली नाहीत. मजला शांत राहिला, सकाळी सगळे वेळेवर फॉल इन झाले, की त्याला शाबासकी दिलीत. मजला शांत कसा राहिला, हे विचारलं नाहीत. हा मुलगा पाच वर्षं स्वतः मार खाऊन तिथवर पोचलेला असतो. त्याला एकच पद्धत माहीत असते आणि तो ती वापरतो. यात लहान मुलाचं नुकसान होतं तसं मोठ्याचंही होतं. कमजोर माणसावर हात उचलला तरी चालतं, वरचे लोक दुसरीकडे बघतात, हा धडा तो कोवळ्या वयात गिरवतो. पुढे हाच मुलगा कुणाचा नवरा, कुणाचा बाप, कुणाचा साहेब होणार असतो.

ही परंपरा आहे, असं उत्तर मला अनेकदा मिळालं. मग परंपरा कुठून आली तेही पाहू. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत 1828 ते 1841 या काळात थॉमस अर्नोल्ड मुख्याध्यापक होते. सर्वांत वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती वसतिगृहाची शिस्त देण्याची रीत त्यांच्या काळात पक्की झाली आणि तिथून इतर शाळांत पसरली. आपल्याकडे राजकोटचं राजकुमार कॉलेज, 1875 मध्ये स्थापन झालेलं अजमेरचं मेयो कॉलेज अशा संस्थानिकांच्या मुलांच्या शाळा याच साच्यावर उभ्या राहिल्या. लष्करी वळणाच्या शाळांनी हाऊस, कॅप्टन, प्रिफेक्ट ही रचना उचलली. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल 1937 ची. देशातली पहिली सैनिक स्कूल साताऱ्यात 1961 मध्ये सुरू झाली. 1995 मध्ये राज्यात युतीचं सरकार आल्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात खासगी संस्थांमार्फत सैनिकी शाळा काढण्याचं धोरण आलं आणि हा साचा तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. जिथून तो आला त्या इंग्लंडने मात्र आपली वाट बदलली. तिथे सरकारी शाळांतली छडी 1980 च्या दशकात कायद्याने बंद झाली, आणि 1999 पासून खासगी शाळांतलीही. लहान मुलांनी मोठ्यांची नोकरासारखी कामं करायची ही तिथली जुनी प्रथाही मागे पडली. त्यांनी जे टाकून दिलं ते आपण परंपरा म्हणून जपत आहोत.

आणि खरं सांगायचं तर प्रश्न परंपरेचा कमी आणि पैशांचा जास्त आहे. मी पाहिलेल्या वसतिगृहांत शंभराच्या वर मुलांमागे एक रेक्टर असे. बहुतेक वेळा तो कंत्राटावर, तुटपुंज्या पगारावर, दिवसा शाळेतलं दुसरं काम सांभाळणारा. रात्री एक माणूस तीन मजले बघू शकत नाही. मग मजले बघायला फुकटचे पहारेकरी लागतात, आणि ते दहावीच्या वर्गात मिळतात. फी वाढते, प्रवेशद्वाराची कमान नवी होते, घोडे येतात, रायफल रेंज होते, माहितीपत्रक गुळगुळीत होतं, पण रात्रीच्या माणसाची जागा भरली जात नाही. संस्थेने वाचवलेल्या त्या एका पगाराची किंमत अकरा वर्षांचं मूल मोजतं.

माजी विद्यार्थ्यांचं म्हणणं मी आदराने ऐकलं आहे. स्नेहमेळाव्यात ते हसत हसत रगड्याच्या गोष्टी सांगतात आणि म्हणतात, ‘त्यानेच आम्ही घडलो.’ त्यांच्या मैत्रीचा मला हेवा वाटतो, ती खरीच आहे. पण त्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्यासोबत पाचवीत आलेल्या मुलांची यादी काढा आणि त्यातली किती मुलं दहावीपर्यंत राहिली ते पाहा. जे दिवाळीच्या सुट्टीनंतर परतलेच नाहीत, जे रात्री भिंतीवरून उडी मारून एसटी स्टँडवर सापडले, ज्यांना सातवीत पुन्हा अंथरूण ओलं करण्याचा त्रास सुरू झाला आणि वडील येऊन घेऊन गेले, ते मेळाव्याला येत नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय मार खाऊन माणूस घडतो, असा निर्णय देता येणार नाही. तुम्हाला घडवलं ते गणिताच्या सरांनी, पहाटेच्या धावण्याने, एकमेकांना दिलेल्या साथीने. मार असूनही तुम्ही घडलात.

काही वडील म्हणतात, फौजेत जायचं तर एवढं सोसायलाच हवं. मग फौज अधिकारी निवडताना काय पाहते, तेही ध्यानात घ्या. एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची असते आणि तेवढेच 900 गुण एसएसबी या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीला असतात. त्या पाच दिवसांत उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वातले पंधरा गुण तपासले जातात. त्यांत धैर्य आणि चिकाटी आहे, तसंच आपलं म्हणणं नीट मांडता येणं आहे, सहकार्य आहे, जबाबदारीची जाण आहे, स्वतःहून पुढाकार घेणं आहे, आत्मविश्वास आहे. गटचर्चेत तोंड उघडावं लागतं. चित्र पाहून गोष्ट लिहावी लागते. आई-वडील, शिक्षक, मित्र आपल्याबद्दल काय विचार करतात, ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवावं लागतं. सहा वर्षं गप्प राहायला आणि खोटं सांगायला शिकलेल्या मुलाची तयारी तुम्ही कशासाठी करून घेतली आहे? मैदानावर दमेपर्यंत पळवा, डोंगर चढवा, पावसात मार्च करवा, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत जितकं कठीण करायचं तितकं करा. त्याने मुलगा कणखर होतो. अंधारात, कुणाच्याही नकळत मिळालेल्या माराने तो फक्त घाबरट होतो, नाहीतर निर्दय.

शिवाय एनडीएच्या एका परीक्षेतून साऱ्या देशातून सुमारे चारशे मुलं घेतली जातात, आणि 2022 पासून त्यांत मुलीही आहेत. म्हणजे तुमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पुढे वर्दी मिळणार नाही. ती इंजिनिअर, शेतकरी, शिक्षक, दुकानदार होतील. त्या सगळ्यांच्या बालपणाची जबाबदारीही तुमच्यावरच आहे.

कायद्याचं बोलायचं, तर तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला जाणता. तरी पालकांना कळावं म्हणून लिहिते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. नववी-दहावीच्या वयाला तो कायदा पुरत नाही, असं कुणी म्हणेल. मग महाराष्ट्राचा 1999 चा रॅगिंग प्रतिबंध कायदा आहे. लोकांना वाटतं तो फक्त मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी आहे. तसं नाही. शिक्षण देणारी कुठलीही संस्था आणि तिला जोडलेलं वसतिगृह त्यात येतं. इजा करणं, धमकावणं, लाज वाटेल असं वागवणं, विद्यार्थी एरवी आपखुशीने करणार नाही असं काही त्याच्याकडून करवून घेणं, हे सगळं त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. जो प्रमुख हे टाळेल त्याने गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो.

आणखी एक विषय आहे, तो मुलग्यांच्या बाबतीत कुणी काढत नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी जवळजवळ दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांमध्ये मुलग्यांचं प्रमाण निम्म्याहून किंचित जास्त निघालं. 2012 चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आणि असा प्रकार कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. जिथे मोठ्या मुलाचा प्रत्येक हुकूम ऐकायचाच असतो आणि बाहेर बोलायचं नसतं, तिथे कुठला हुकूम कुठपर्यंत जाईल, याची खात्री तुम्ही कशी देता?

तुम्ही म्हणाल, मग तक्रारी का येत नाहीत? त्या येऊ नयेत अशीच व्यवस्था आहे. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं फोन मिळतो आणि शेजारी रेक्टर किंवा हाऊस कॅप्टन उभा असतो. तक्रारपेटी ऑफिसच्या दारात असते, तिच्याकडे जाणारा मुलगा साऱ्या मैदानाला दिसतो. चुगली करणाऱ्याचं काय होतं, हे पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं असतं. मूल नाही बोललं तर आई-बाप तरी बोलतील, तर त्यांना ऐकवलं जातं, ‘जमत नसेल तर दाखला घेऊन जा.’ आम्हीही ते वाक्य ऐकलं आहे. कर्ज काढून फी भरलेला, गावात सगळ्यांना अभिमानाने सांगितलेला बाप हे ऐकून मान खाली घालतो आणि परतीच्या एसटीत मुलाच्या आईला समजावतो, ‘मुलगा आहे, होईल सवय.’ मुलगा असला तरी त्याला लागतं. ज्या दिवशी आपण मुलग्यांचं दुखणं दुखणं मानू, त्या दिवशी यातलं अर्धं दुखणं कमी होईल.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना फारसा पैसा लागत नाही.

हाऊस कॅप्टन असू द्या, प्रिफेक्ट असू द्या. त्यांनी रांगा लावाव्यात, हजेरी घ्यावी, नव्या मुलाला पेटी लावायला आणि शहाण्यासारखं वागायला शिकवावं. पण कुठल्याही विद्यार्थ्याने दुसऱ्याला कुठलीही शिक्षा करायची नाही, अगदी दहा उठाबशांचीही नाही, आणि स्वतःची कामं दुसऱ्याकडून करवून घ्यायची नाहीत, हे लेखी नियम म्हणून प्रत्येक मजल्यावर लावा. पहिल्या दिवशी सगळ्या मुलांसमोर आणि पालकांसमोर तो प्राचार्यांनी स्वतः वाचून दाखवावा.

रात्री प्रत्येक मजल्यावर एक मोठं, जागं, जबाबदार माणूस ठेवा. यासाठी पैसे लागतील, हे मला मान्य आहे. फी पाचशे रुपयांनी वाढवा आणि कशासाठी वाढवली ते सांगा. घोड्यासाठी देतो तर यासाठी आम्ही आनंदाने देऊ.

फोनवर मुलाला एकट्याने बोलू द्या. फोनशेजारच्या भिंतीवर 1098 हा आकडा मोठा रंगवा. संकटातल्या मुलांसाठीची ही फोनसेवा 1996 मध्ये आपल्याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. तिचा नंबर आपल्याच मुलांना माहीत नसावा, हे बरं नाही.

तक्रारपेटीची किल्ली शाळेत ठेवू नका, ती पालकांच्या प्रतिनिधीकडे द्या. पेटी स्नानगृहाकडे जाणाऱ्या बोळात लावा, जिथून प्रत्येक मुलगा रोज जातोच. एमआय रूमच्या नोंदवहीतली प्रत्येक दुखापत त्याच दिवशी घरी कळवा. एकाच खोलीतली मुलं वारंवार ‘पडत’ असतील, तर ते प्राचार्यांच्या लक्षात यायला हवं.

पालक-शिक्षक संघ कागदावर नको. राज्याच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. संस्थेच्या मर्जीतले चार जण नेमून ते काम होत नाही. या समितीला महिन्यातून एकदा, आधी न कळवता, संध्याकाळनंतर वसतिगृहात जाऊ द्या.

आणि वर्षाच्या मध्यात शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाशी प्राचार्यांनी एकट्याने, शांतपणे बोलावं. किती मुलांनी शाळा सोडली आणि का सोडली, हे पुढच्या प्रवेशाच्या वेळी पालकांना खरं सांगावं. शंभर टक्के निकालाचा फलक तुम्ही चौकात लावता. त्याच्या खाली हाही आकडा लिहा.

आता दोन शब्द येत्या जूनमध्ये मुलाला सैनिकी शाळेत घालणाऱ्या पालकांसाठी. मुलाला पाठवू नका, असं मी म्हणणार नाही. चांगली कडक शाळा मुलाचं आयुष्य बदलते, हे मी पाहिलं आहे. पण मैदान आणि कमान बघून परत येऊ नका. वसतिगृह दाखवा म्हणा, तेही संध्याकाळी. तीन प्रश्न विचारा: रात्री मजल्यावर कोण जागं असतं? शिक्षा कोण करतं? माझा मुलगा माझ्याशी एकटा कधी बोलू शकेल? उत्तर सरळ मिळालं तर फी भरा. ‘इथे शिस्त आहे, तुम्ही काळजी करू नका’ असं उत्तर मिळालं, तर फॉर्म परत घ्या. मुलगा सुट्टीत घरी आला की त्याचे गुण विचारण्याआधी त्याची झोप कशी आहे ते बघा. आणि त्याला पाठवतानाच सांगा, की तू काहीही सांगितलंस तरी मी आधी तुझ्यावर विश्वास ठेवेन आणि मग शाळेला विचारेन.

संस्थाचालक आणि प्राचार्य महोदय, आम्ही आमची मुलं तुमच्या हवाली करतो. दहावीतल्या मुलांच्या हवाली करत नाही. ती मुलंही कुणीतरी तुमच्याच हवाली केलेली आहेत. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शिक्षेचा अधिकार त्यांच्याकडून काढून घ्या आणि तसं लेखी जाहीर करा. ज्या शाळा हे करतील त्यांच्या पाठीशी आम्ही पालक उभे राहू, आणि त्यांचं नाव आदराने चारचौघांत घेऊ.

आपली,
एका माजी विद्यार्थ्याची आई